टेकडीखालची चार वर्षे

पुण्याच्या पश्चिमेला, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पाठीशी उभ्या असलेल्या टेकडीच्या पायथ्याशी, मैलभराच्या परिसरात जितक्या विद्यासंस्था दाटीने नांदतात, तितक्या महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच सापडतील. १८८५ चे फर्ग्युसन, नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापिलेला भारत सेवक समाज, १९१७ चे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९३० ची गोखले अर्थशास्त्र संस्था. आणि या सर्वांच्या शेजारी, वयाने धाकटे पण व्यापारी घराण्यांना सर्वांत जवळचे असे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय. सारे जग त्याला 'बीएमसीसी' म्हणते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ साली ते सुरू केले. नावातील 'बृहन्महाराष्ट्र' हा शब्द पुष्कळांना प्रांताभिमानाचा वाटतो. वस्तुतः तो बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट या साखर व्यवसायातील कंपनीच्या देणगीची आठवण आहे. वाणिज्याच्या विद्यालयाला उद्योगाने नाव द्यावे, हे यथायोग्यच झाले. पहिले प्राचार्य अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले.

बार्शी, फलटण, निपाणी, कराड, बारामती अशा पेठांच्या गावांतून आपल्या समाजातील मुले येथे येऊ लागली ती साधारण स्वातंत्र्यानंतर. त्यापूर्वीच्या पिढीचे मत स्पष्ट होते : गादीवर बसून जे येते ते कॉलेजात जाऊन काय शिकायचे? रोजकीर्द, खतावणी आणि तोंडी व्याज यांत आपली माणसे कोणत्याही पदवीधराला हार जात नव्हती. परंतु १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला, आयकराची विवरणपत्रे जाड होत गेली, आणि वकिलाच्या ओटीवर तासन्‌तास बसणाऱ्या वडिलांनाच वाटू लागले की घरातला एक तरी मुलगा बी.कॉम. असावा. मग पेटी, वळकटी आणि लाडवांचा डबा घेऊन मुलगा पुण्याच्या जैन बोर्डिंगात दाखल होई.

१९७३ च्या जूनमध्ये असाच एक गट बीएमसीसीत आला. त्या वेळी शालान्त परीक्षा अकरावीला असे आणि त्यानंतर चार वर्षांनी पदवी मिळे. म्हणजे हे विद्यार्थी १९७३ ला आत शिरले आणि १९७७ ला बाहेर पडले. या चार वर्षांत देशात जे जे घडले ते पाहता, अभ्यासाला फुरसत कशी मिळाली याचेच आश्चर्य वाटते. गेल्या जानेवारीत त्या वर्गातील नऊ जण पुण्यात एकत्र आले. सर्वांनी सत्तरी गाठलेली किंवा तिच्या उंबरठ्यावर. एक बार्शीचा डाळीचा आडतदार, एक फलटणचा निवृत्त सहकारी अधिकारी, एक निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, एक कराडचा कापड दुकानदार, रविवार पेठेतील माहेर असलेली एक सनदी लेखापाल, आणि इतर. सकाळी डेक्कनवर भेटायचे, पायी कॉलेजात जायचे आणि जमले तर टेकडी चढायची, एवढाच कार्यक्रम ठरला होता.

फर्ग्युसन रस्ता त्यांना ओळखू आला नाही. 'वैशाली' मात्र जागेवर होती, आणि तिच्या दारातील गर्दीही. बोर्डिंगच्या मुलांचा येथील इतिहास थोडा गमतीचा आहे. सांबारात कांदा, मसाला डोशाच्या भाजीत कांदा आणि बटाटा दोन्ही. त्यामुळे साधा डोसा आणि चटणी एवढ्यावर त्यांची तृप्ती होई. निपाणीकर चातुर्मासाबाहेर थोडा सैल होता, आणि ते सर्वांना ठाऊक होते. "अरे, मी सांबार खाल्ले ते तुम्ही गावी कळवाल, या भीतीने मी तुम्हां सगळ्यांचे पैसे देत होतो," असे त्याने परवा सर्वांसमक्ष सांगितले. "म्हणून तर आम्ही कळवले नाही," बार्शीकर म्हणाला.

बोर्डिंगची शिस्त कडक होती. पहाटे उठणे, मंदिर, मग सायकलवर टांग टाकून कॉलेज. पुणे तेव्हा सायकलींचे शहर होते. रात्री सायकलला दिवा नसला की चौकातील पोलीस हवा सोडून देई. पण रात्रीचा प्रश्न फारसा येतच नसे, कारण सूर्यास्तापूर्वी पंगत. हिवाळ्यात पावणेसहाला शेवटची घंटा होई. कॉलेजातील नाटकाच्या तालमी नेमक्या त्या वेळी रंगात येत. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत मागच्या पडद्याची दोरी ओढणारा फलटणकर त्या एका ऑगस्टात कित्येक रात्री उपाशी झोपला. दोरी ओढणाऱ्याला करंडकात कोणी मोजत नाही. उपवासही कोणी मोजले नाहीत.

वर्गात शिकवले जाई ते आणि घरी घडे ते, यांचा मेळ त्या वर्षांत चटकन बसत असे. १९७३ च्या एप्रिलपासून सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला होता. वर्षभरात तो प्रयोग फसला आणि १९७४ च्या मार्चमध्ये सोडून द्यावा लागला. पण तेवढ्या काळात बार्शीकराच्या वडिलांच्या पेढीवरचे दोन हमाल कमी झाले आणि मुलाची मनिऑर्डर निम्मी झाली. आयकराच्या तासाला प्राध्यापकांनी फळ्यावर सर्वोच्च दर मांडला तो ९७.७५ टक्के. दोन लाखांवरच्या प्रत्येक शंभर रुपयांतून करदात्याच्या हाती सव्वादोन रुपये उरणार. मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, "सर, मग तो कमावतो कशाला?" वर्ग हसला, प्राध्यापकही हसले, त्या प्रश्नाचे उत्तर मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते. ते भवानी पेठेत होते आणि तेथे ते मोठ्याने बोलले जात नसे. पुढल्याच वर्षी सरकारने तो दर ७७ टक्क्यांवर आणला.

१९७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवरच्या तांबड्या मिलोची चव बोर्डिंगच्या पंगतीतही पोचली. तेल महागले, रॉकेलला रांगा लागल्या. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुले खानावळीच्या वाढीव बिलावरून पेटली, आणि त्या ठिणगीतून उठलेल्या नवनिर्माण आंदोलनाने फेब्रुवारीत गुजरातचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यायला लावला. ही बातमी आली त्या संध्याकाळी बोर्डिंगचे गृहपती आपणहून पंगतीत येऊन बसले आणि म्हणाले, "मुलांनो, या महिन्यात आपले बिल वाढणार नाही." ते विनोदाने म्हणाले की धास्तीने, यावर नऊ जणांत अजूनही एकमत नाही.

तेव्हाचे पुणे नाटकावरूनही भांडत होते. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १९७२ च्या डिसेंबरात भरत नाट्य मंदिरात झाला, मग वादामुळे प्रयोग थांबले आणि १९७४ च्या जानेवारीत थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. बोर्डिंगातून ते पाहायला कोणी गेले नाही. रात्रीची परवानगी नव्हती. रविवार पेठेतील मुलीने मात्र ते मोठ्या भावाबरोबर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मानवी भिंत कशी उभी राहते ते चार मुलींना ओळीत उभे करून दाखवले. वर्गात मुली मोजक्याच होत्या. पहिल्या बाकावर बसायचे, तास संपताच घरी जायचे, असा रिवाज होता. तो त्या दिवशी मोडला.

मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. ८ ते २७ मे १९७४. परीक्षा आटोपून गावी निघालेला बार्शीकर पुण्यात अडकला. एरवी कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीने तो बार्शी गाठत असे. त्या वेळी भवानी पेठेतून परतणाऱ्या एका मालट्रकमध्ये रिकाम्या बारदानावर बसून तो घरी गेला. घरी पोचल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न विचारला : "भाडे किती घेतले?"

त्या वर्षाच्या दिवाळीत भगवान महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षे पूर्ण झाली. बोर्डिंगच्या मुलांच्या आठवणींत हा महोत्सव ठळक आहे तो केवळ मिरवणुकींमुळे नव्हे. सर्व संप्रदायांचा एक ध्वज, एक प्रतीकचिन्ह आणि विनोबांच्या प्रेरणेने सिद्ध झालेला 'समणसुत्तं' हा सर्वमान्य ग्रंथ, या तिन्ही गोष्टी त्याच पर्वात आल्या. एरवी तिथीच्या मतभेदावरून पर्युषणात एकमेकांना चिमटे काढणारी मुले प्रभात फेरीत एकाच ध्वजामागे चालली. ग्रंथाचे संकलन जिनेन्द्र वर्णींनी केले. नोव्हेंबरात दिल्लीच्या संगीतीत त्याला मान्यता मिळाली. फलटणकराने ग्रंथ बाहेर येताच त्याची प्रत मिळवली. ती आजही त्याच्याकडे आहे.

पुढे जे घडले त्यात विनोबांचे नाव पुन्हा येणार होते, पण निराळ्या संदर्भात.

२६ जून १९७५, गुरुवार. कॉलेज नुकतेच उघडले होते. सकाळी आकाशवाणीवर पंतप्रधानांचे भाषण झाले आणि आणीबाणी हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आला. पहिल्या आठवड्यात मुलांना काही वेगळे जाणवले नाही. मग जाणवू लागले ते अभाव. वर्तमानपत्रातील मजकूर गुळगुळीत झाला. भित्तिपत्रकाच्या काचेच्या पेटीत कॉलेजच्या वेळापत्रकाशिवाय काही लागेना. शिवाजीनगरला राहणारा एक प्राध्यापकांचा मुलगा वर्गात येईनासा झाला. त्याचे वडील येरवड्यात होते. संघाचे बाळासाहेब देवरस आणि समाजवादी कार्यकर्ते त्या एकाच तुरुंगाच्या भिंतींआड राहत होते. बाहेर एकमेकांच्या सभेला न जाणारे लोक आत एकत्र जेवत, असे कळे.

दुकानांवर भावफलक आणि साठ्याचा फलक लावण्याची सक्ती झाली. रविवार पेठेतील दुकानात तो फलक रोज सकाळी खडूने लिहिण्याचे काम सदर विद्यार्थिनीचे होते. तिचे अक्षर चांगले होते. "माझी पहिली आर्टिकलशिप ती," असे ती म्हणते. ऑक्टोबर ते डिसेंबर १९७५ या मुदतीत अघोषित उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आली, तेव्हा घरोघरी रात्री उशिरापर्यंत दिवे दिसत. बार्शीत गोदामाला सील लागले. बार्शीकराचे वडील एकवीस दिवस चावडीपासून तालुक्यापर्यंत खेटे घालत होते. शेवटी साठा नियमात भरला आणि सील निघाले. मालाला तोपर्यंत कीड लागली होती.

असे असूनही बोर्डिंगातील सर्व मुले आणीबाणीच्या विरोधात होती असे समजणे चूक ठरेल. फलटणकर उघड समर्थक होता. गाड्या वेळेवर येतात, कार्यालयात माणसे जागेवर सापडतात, भाव उतरले. विनोबांनीही याला 'अनुशासन पर्व' म्हटले आहे, मग आपण विरोध करणारे कोण? कराडकर त्याच्या खोलीत राहत असे. दोघांच्या पलंगांत चार फुटांचे अंतर होते. रात्री दिवे मालवल्यावर वाद सुरू होई आणि पलीकडच्या खोलीतून कोणी तरी भिंतीवर चापट मारली की थांबे. गृहपतींनी एकदा दोघांना अनेकान्तवादावर व्याख्यान दिले. कराडकराने विचारले, "गुरुजी, सात भंगांपैकी कोणत्या भंगात तुरुंग बसतो?" गृहपतींनी त्याला उत्तर दिले नाही, दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या कामातून त्याचे नाव कमी झाले.

डिसेंबरात कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. कराडकर घरी गेला आणि मंडपात बसला. जयप्रकाश नारायण तेव्हा गंभीर आजारी होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी सभेला उभे राहून प्रार्थना करण्यास सांगितले, केंद्रीय मंत्री समोर असताना. एवढ्या मोठ्या समुदायात चाललेली ती शांतता त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने आयुष्यात प्रथम अनुभवली. दुर्गाबाईंची भाषणे त्याने एका निळ्या वहीत जमतील तशी उतरवून घेतली. वृत्तपत्रांत ती पूर्ण येणार नाहीत, हे त्याला कळत होते.

तो पुण्याला परतला तो बदलून. सायक्लोस्टाइल केलेली पत्रके त्याच्याकडे येऊ लागली. जानेवारीच्या मध्यावर त्याने मंडईत चार जणांसह घोषणा देऊन सत्याग्रह केला आणि पकडला गेला. सात आठवडे येरवडा. दुसऱ्या दिवशी पोलीस बोर्डिंगात आले, थेट त्याच्या खोलीत गेले, ट्रंक उघडली. ट्रंकेत कपडे, जमाखर्चाचे पुस्तक आणि आईने दिलेले स्तोत्रांचे पुस्तक एवढेच होते. पत्रके नव्हती. निळी वहीही नव्हती.

तो सुटून आला तेव्हा परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत टळली होती. एक वर्ष गेले. वडिलांनी एकही शब्द न उच्चारता त्याला दुसरीकडे खोली घेऊन दिली. पोलीस थेट आपल्याच खोलीत कसे आले, याचा त्याने मनाशी एक अर्थ लावला, आणि तो अर्थ फलटणकराकडे बोट दाखवत होता. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. पुढे कोणाच्या लग्नात, कोणाच्या पंचकल्याणक पूजेत समोरासमोर आले तरी हात जोडून बाजूला होत.

१९७६ च्या अखेरच्या महिन्यांविषयी बोलताना नऊही जणांचा आवाज आजही खाली येतो. जोशी-अभ्यंकर कुटुंबांच्या हत्यांनी पुणे हादरले होते. ३१ ऑक्टोबरला एक घर, १ डिसेंबरला दुसरे. ज्या भांडारकर रस्त्यावरून ही मुले रोज सायकलने जात, तो दिवेलागणीनंतर ओस पडू लागला. सिनेमाचे रात्रीचे खेळ रिकामे जात. दारांना साखळ्या, दुधाची बाटली घेण्यापूर्वी नाव विचारणे, हे पुण्यात तेव्हा आले. रविवार पेठेतील मुलीचे कॉलेज दोन आठवडे बंद करण्यात आले. मग भाऊ रोज फाटकापर्यंत सोडू लागला. बोर्डिंगच्या सूर्यास्ताच्या नियमाविषयी त्या हिवाळ्यात कोणाचीही तक्रार नव्हती. मार्च १९७७ च्या अखेरीस गुन्हेगार पकडले गेले, आणि ते याच शहरातले महाविद्यालयीन विद्यार्थी निघाले, तेव्हा आपल्या शेजारी बाकावर कोण बसते याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. "त्याआधी आम्हांला भय सरकारचे होते किंवा परीक्षेचे," असे निपाणीकर म्हणाला.

दरम्यान १८ जानेवारीला निवडणुकीची घोषणा झाली होती. पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारात उतरले. पुण्यातून मोहन धारिया उभे होते. सभांना लोटणारी गर्दी, टोप्या आणि उपरणी पसरून जमवलेली वर्गणी, मध्यरात्री पायी परतणारी माणसे. ज्या शहरात दोन महिन्यांपूर्वी संध्याकाळी कुत्रे दिसत नव्हते त्याच शहरात हे चालले होते. धारिया निवडून आले, रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या, २१ मार्चला आणीबाणी उठली. पण या वर्गातील बहुतेकांनी त्या निवडणुकीत मत दिले नाही. मताचे वय तेव्हा एकवीस होते आणि ही मुले वीस वर्षांची होती. ज्याने सात आठवडे तुरुंग भोगला तोही मतदार नव्हता. हे लक्षात घेतले म्हणजे त्या पिढीच्या राजकीय उत्साहाचे मोल वाढते की कमी होते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कॉलेजच्या फाटकाशी परवा नऊ जण थोडा वेळ थांबले. टाटा असेंब्ली हॉल, मैदान, झाडे, सारे आपल्या जागी. कॉलेज आता स्वायत्त झाले आहे. फलकावर अशा अभ्यासक्रमांची नावे आहेत, जी या मंडळींना समजावून घ्यावी लागली. रखवालदाराने ओळखपत्र मागितले. लेखापाल बाईंनी वर्ष सांगितले तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझा जन्म नव्हता मावशी तेव्हा. या आत."

टेकडीवर सहा जणच चढले. फलटणकराचा गुडघा दुखतो, तरी तो हट्टाने आला. वर मारुतीच्या देवळाजवळ वारा सुटला होता. खाली फर्ग्युसनची कौले, पलीकडे शहर. बोलणे भावांवर आले, आणि तेथून आणीबाणीवर. "भाव उतरले होते हे तरी मान्य कर," फलटणकर बार्शीकराला म्हणाला. बार्शीकर पन्नास वर्षे डाळीचे भाव पाहत आला आहे. त्याने शांतपणे सांगितले : भाववाढीचा कळस झाला १९७४ च्या सप्टेंबरात. त्याआधी जुलैत रिझर्व्ह बँकेने बँक दर सातावरून नऊ टक्के केला होता, पगारवाढ सक्तीच्या ठेवीत अडकवली होती. उतरण तेव्हाच लागली. मग १९७५ चा पाऊस उत्तम झाला, देशात १२ कोटी १० लाख टन धान्य पिकले. "आणीबाणी आली तेव्हा भाव निम्मी पायरी उतरून आले होते. माझ्या बापाच्या गोदामाला सील लावून डाळ स्वस्त झाली नाही. किडली." फलटणकर काही वेळ गप्प राहिला. "हे तू तेव्हा का सांगितले नाहीस?" "तेव्हा मला माहीत नव्हते. आणि तू ऐकून घेणारा नव्हतास."

मग बार्शीकरच कराडकराकडे वळला. "तुझी ट्रंक याने रिकामी केली. पहाटे चारला, पोलीस येण्यापूर्वी. मी बंबाजवळ पाणी घ्यायला गेलो तेव्हा हा कागद आत सारत होता. मला शपथ घातली होती."

कराडकराने फलटणकराकडे पाहिले. फलटणकर देवळाच्या पायरीवर बसून गुडघा दाबत होता. तो म्हणाला, "तुझ्यासाठी केले असे समजू नकोस. बोर्डिंगवर टाळे लागले असते. साठ मुलांची सोय गेली असती. तू पकडला गेलास ते मला योग्यच वाटले होते." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "पोलीस खोलीत थेट आले, कारण गृहपतींनी त्यांना खोलीचा क्रमांक सांगितला. त्यांना सांगावा लागला. मी बाहेर उभा होतो. पत्रके कोठे ठेवायचास असे मला विचारले. मी म्हणालो, हा माझ्याशी बोलतच नाही."

"वही?" कराडकराने विचारले.

"निळी ना? सगळे एकत्रच होते. अंधारात मी उघडून पाहिले नाही."

"तीत दुर्गाबाई होत्या."

यावर कोणी काही बोलले नाही. एकोणपन्नास वर्षे ज्याला खबऱ्या समजून टाळले त्याने आपल्याला वाचवले होते, आणि ज्या एका वस्तूसाठी जीव तुटला ती त्यानेच जाळली होती. या दोन गोष्टींची वजावट कशी करायची, याची रीत वाणिज्य शाखेत शिकवत नाहीत. कराडकर उठून कठड्यापाशी गेला, परत आला आणि फलटणकराच्या शेजारी, पण थोडे अंतर राखून, बसला. "उतरताना माझा खांदा धर," एवढेच तो म्हणाला. "या बाजूची वाट घसरडी आहे."

ज्यांना हा परिसर पाहायचा असेल त्यांनी तो पायीच पाहावा. डेक्कनवरून फर्ग्युसन रस्त्याने बीएमसीसी, तेथून गोखले संस्थेच्या बाजूने भांडारकर मंदिर. सकाळच्या वेळी हे अंतर रमतगमत तासाभरात होते. भांडारकर मंदिरातील हस्तलिखितांत जैन ग्रंथांचा मोठा संग्रह आहे. आपल्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला आहे. बोर्डिंगात चार वर्षे काढून, रोज त्या फाटकावरून सायकल हाकूनही या नवांपैकी एकानेच तो पाहिला होता, आणि तोही फलटणकर.

या मंडळींची पुढील भेट डिसेंबरात कराडला ठरली आहे. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर सकाळी जमायचे. फलटणकराला एस.टी.चा प्रवास झेपत नाही, म्हणून कराडकर स्वतः गाडी घेऊन फलटणला जाणार आहे. घाट टाळून कोणत्या रस्त्याने जावे, यावर दोघांचा वाद टेकडी उतरतानाच सुरू झाला होता.